स्वस्त तुपाची किंमत

हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग आहे, ही समजूत आपल्या समाजातून अजून पुरती गेलेली नाही. जो अंगमेहनत करतो, ज्याच्या ताटात रोज भाजी-भाकरी असते, त्याच्या हृदयाला काय होणार, असे आपण गृहीत धरतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातून मात्र निराळेच चित्र पुढे आले. दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. त्रेपन्नाव्या वर्षी माणूस घरातला कर्ता असतो. मुलांची शिक्षणे, लग्ने बहुधा व्हायचीच असतात.

हृदय सर्व शरीराला रक्त पुरवते; परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते ते त्याच्यावरून जाणाऱ्या धमन्यांतून. नळात गंज चढावा तशी चरबी या धमन्यांत चढते, असे सांगण्याची पद्धत आहे. ही उपमा अपुरी आहे. चरबी साचते ती धमनीच्या अस्तराच्या आत. तेथे दाह होतो आणि एखाद्या दिवशी वरचे पातळ आवरण फाटते. त्या जागी रक्ताची गुठळी होऊन वाट बंद पडते. कालपर्यंत ठणठणीत दिसणारा माणूस आज अचानक कोसळतो, तो यामुळे.

चरबी साचण्यास तंबाखू, रक्तदाब, मधुमेह अशी अनेक कारणे आहेत. येथे एकाचाच विचार करू. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी वनस्पती तूप बाजारात आले. ‘डालडा’ हे खरे तर एका मालाचे नाव. पण घरोघरी तेच या पदार्थाचे नाव होऊन बसले. निकेल धातूच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन वायू सोडला की तेल घट्ट होते, लवकर खवट होत नाही आणि दिसतेही रवाळ तुपासारखे. ही प्रक्रिया अर्धवट ठेवली तर त्यात ट्रान्स मेद तयार होतो. हा मेद रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतो, शिवाय उपकारक कोलेस्टेरॉल घटवतो. म्हणजे दुहेरी हानी. गरिबाने हौसेने केलेल्या सणाच्या जेवणात, बेकरीच्या खारीत आणि नानकटाईत ते वर्षानुवर्षे गेले.

“आमचे आजोबा भरपूर तूप खाऊन नव्वद वर्षे जगले,” असे कोणी ना कोणी सांगतोच. ते आजोबा दिवसाला किती कोस चालत, हे तो सांगत नाही. जे पन्नाशीतच गेले, त्यांची साक्ष काढणार कोण?

‘जपून खा’ असा उपदेश करून हा प्रश्न सुटला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. खारी विकत घेणाऱ्याला तिच्यातला मेद दिसत नाही. येथे कायदाच उपयोगी पडला. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेल व मेदांतील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. तळणाच्या तेलालाही, ते किती बिघडेपर्यंत वापरावे, याची मर्यादा २०१८ सालीच घातलेली आहे. पण रस्त्यावरच्या प्रत्येक कढईपर्यंत निरीक्षक पोहोचणार कसा? तीच ती कढई काळ्या पडलेल्या तेलासह पुनःपुन्हा तापते.

आणखी एक अडचण आहे. ती नव्याने वाचू लागलेल्यांना विशेष जाणवेल. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पाळला जातो. मराठी, तमिळ वा बंगाली असलीच पाहिजे असे बंधन नाही. ते असावयास हवे, आणि अक्षरेही डोळ्यांना दिसतील एवढी हवीत. ट्रान्स मेद आणि संपृक्त मेद यांचे आकडे मागच्या बाजूला बारीक टाइपात असतात. पुढच्या बाजूला मात्र ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द ठळक झळकतो. वनस्पतीपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच जवळजवळ नसते.