खेळगडी : बाभळीवर आपटणारी तबकडी

दोस्तांनो, या आठवड्याच्या पत्रांत एक पत्र असं आलं, की बाकीची बाजूला ठेवून आधी त्यालाच उत्तर द्यावं वाटलं. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातून एका मित्राने लिहिलंय :

‘दादा, आम्ही चौघं शाळेमागच्या झाडांत तबकडी-गोल्फ खेळतो. टोपलं बांबूला बांधलं आहे. पण तीन महिन्यांत चार तबकड्या फुटल्या. कालची तर बाभळीले लागली अन् तिचे दोन तुकडेच झाले ना! आता वर्गणी काढून एकच चांगली घेणार आहोत. घरचे म्हणतात, ही शेवटची. कोणती घेऊ?’

‘ही शेवटची’ म्हटल्यावर प्रकरण गंभीर आहे, नाही का? तेव्हा नीट विचार करू.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात घालवायचा असतो, इथे तबकडी फेकत फेकत लांबच्या टोपलीत घालवायची. जिथे पडेल तिथूनच पुढची फेक. कमीत कमी फेकींत जो पोचला तो जिंकला. १९७५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेडरिक यांनी याचं पहिलं कायमचं मैदान आखलं. आधी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. पुढे साखळ्या लोंबणारी टोपली त्यांनीच शोधून काढली. हेडरिक २००२ साली वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवल्या गेल्या! असा माणूस.

आणि गंमत पाहा, तबकडीची गोष्ट सुरू झाली तीच मुळी टिकण्याच्या अडचणीपासून. १९३७ साली फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आणि त्याची मैत्रीण ल्युसील मक्याच्या लाह्यांच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे भिरकावत होते. झाकणाला पोचे पडले आणि ते उडेना. मग त्यांनी केकचं भांडं घेतलं. ते जास्त छान उडालं. पुढे मॉरिसनने प्लॅस्टिकच्या तबकड्या केल्या, आणि १९५७ पासून त्या ‘फ्रिस्बी’ या नावाने जगभर गेल्या.

आता मूळ प्रश्न. ‘मजबूत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कडक, टणक वस्तू. इथेच आपण फसतो. तुमच्या गावच्या सुतारकाकांना विचारा, कुऱ्हाडीला दांडा कशाचा? ते सागाचा म्हणणार नाहीत. साग किती नावाजलेला! दारं-खिडक्या त्याच्याच, वाळवीही त्याला सहसा शिवत नाही. पण घाव सोसायची वेळ आली की धावडा आठवतो. बैलगाडीचा आख धावड्याचा करत. चाकाला, वखराला बाभूळ. का? कारण ही लाकडं चिवट. धक्का बसला की थोडं दबतात, थोडं लवतात, पण तडकत नाहीत. कडक असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं.

कंपासपेटीतल्या पट्टीवर हे लगेच कळेल. एक पट्टी काचेसारखी पारदर्शक आणि ताठ असते. वाकवायला गेलं की कट्! दुसरी लवचीक, मागच्या बाकावरचा मुलगा तिचा धनुष्यबाण करतो तरी ती जिवंत. जत्रेत मिळणारी पातळ, ताठ तबकडी म्हणजे पहिली पट्टी. मोकळ्या मैदानात ती चालून जाते, कारण तिथे ती गवतावर घसरते. झाडांत मात्र तिची गाठ बुंध्याशी.

किती जोराची गाठ? १७५ ग्रॅमची तबकडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने झाडावर आदळली, तर तो दणका एक किलोचा साखरेचा पुडा दोन मीटर उंचावरून फरशीवर पडावा तेवढा असतो. तोही सगळा कडेच्या एका बोटभर जागेवर! वेग दुप्पट झाला तर दणका दुप्पट नाही, चौपट होतो. दहावीची मंडळी हे पुस्तकात शोधतीलच.

गोल्फच्या तबकड्या साधारण दोन जातींच्या प्लॅस्टिकमध्ये मिळतात. एक साधं, स्वस्त. हातात छान बसतं, घामेजल्या बोटांतूनही निसटत नाही. पण झाडांवर आपटून आपटून त्याची कड लवकर खरवडते, आणि कड बिघडली की उड्डाण बिघडतं. उजव्या हाताने नेहमीसारखी, म्हणजे उलट्या हाताने, फेकलेली तबकडी नवी असताना शेवटी डावीकडे वळते. झिजली की ती उजवीकडे ओढ घ्यायला लागते. तुम्ही म्हणता ‘माझा हात बिघडला’, आणि बिघडलेली असते कड. दुसरी जात महाग. ती पॉलियुरेथेनच्या जातीच्या चिवट प्लॅस्टिकची. चपला-बुटांच्या काही तळव्यांतही हेच वापरतात, म्हणजे झीज सोसणं हा त्याचा रोजचाच धंदा. झाडांत खेळायचं तर हीच घ्या. चौघांची वर्गणी असताना एक महाग घेणं चार स्वस्त घेण्यापेक्षा परवडतं, हे तुमच्या चार तुकड्यांनी सिद्ध केलंच आहे.

दुकानदाराची परवानगी घेऊन तबकडी दोन्ही हातांनी कडेला धरा आणि हलकेच वाकवा. ती वाकून झटकन मूळ रूपात आली तर चांगलं. वाकवल्या जागी पांढरी रेघ उमटली तर ठेवून द्या. आणि हो, वाकवा म्हणजे पिळा नव्हे!

आता आकार. तुमच्यातला एक जण नक्की म्हणेल, ‘सगळ्यात लांब जाणारी घेऊ.’ त्याचं ऐकू नका. लांब पल्ल्याच्या तबकडीची कड धारदार असते. ती वेगात फेकली तरच नीट उडते. जिथे वीस पावलांवर पुढचं झाड उभं आहे, तिथे लांब पल्ला घेऊन करायचं काय? वर धारदार कडेला खाचाही लवकर पडतात आणि झाडालाही जास्त लागतं. मधल्या पल्ल्याची, जाड बोथट कडेची घ्या. ती हळू जाते, सरळ जाते आणि सुरुवातीपासून टोपलीपर्यंत एकटी पुरते. वजन मोठ्यांसाठी १७० ग्रॅमच्या आसपास, पाचवी-सहावीतल्या हातांना १५० ग्रॅम पुष्कळ.

गोल्फची तबकडी मिळालीच नाही तर? ‘अल्टिमेट’ खेळणारे वापरतात ती १७५ ग्रॅमची मोठी तबकडी पाहा. तो खेळ आपल्याकडे बऱ्याच शहरांत खेळला जातो, तेव्हा ती मिळणं त्या मानाने सोपं. तिचं प्लॅस्टिकही लवचीक असतं. झाडावर आपटून कडेला ओरखडे येतात आणि झेलताना बोटाला बोचतात, एवढाच त्रास. बारीक पॉलिश पेपर हळूच फिरवला की काम झालं.

रंग! हा विषय मी मुद्दाम राखून ठेवला होता. मला विचाराल तर तबकड्या फुटण्यापेक्षा हरवतात जास्त. हिरवी पावसाळ्यात गेली, तपकिरी सागाच्या पाचोळ्यात गेली. केशरी घेऊ म्हणाल, तर फाल्गुनात पळसाखाली जाऊन पाहा, सगळी जमीनच केशरी! पारदर्शक तर विचारूच नका, समोर पडलेली दिसत नाही. तुमच्याकडे भडक गुलाबी सगळ्यात बरी, नाहीतर आकाशी. मुलं गुलाबीला हसतील. हसू देत. शोधायला त्यांनाच जायचं आहे. मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने शाळेचं नाव लिहून ठेवा.

विदर्भातला उन्हाळा हा तबकडीचा दुसरा शत्रू. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेल्या दुपारी सायकलच्या कॅरिअरला अडकवून ठेवलेली तबकडी वाकडी होते. अंगणात वर्षभर उन्हात पडलेली प्लॅस्टिकची बादली आठवा. रंग उडतो, हात लावला की पांढरी पूड लागते, आणि एक दिवस कडी तुटते. स्वस्त तबकडीचंही तेच. म्हणून खेळ झाला की ती घरात, सावलीत, आडवी ठेवा. वाकलीच तर मोठ्या माणसाकडून कढत पाण्यात मिनिटभर बुडवून घ्या (उकळत्या नव्हे), मग सपाट फरशीवर ठेवून वर जड पुस्तकं रचा आणि पूर्ण गार होऊ द्या. चिवट प्लॅस्टिक बहुतेक वेळा सरळ होतं.

एवढं तबकडीचं झालं. पण मित्रा, तुझ्या पत्रात बाभळीबद्दल एक अक्षर नाही! तिलाही लागलं ना? सालीच्या अगदी आतल्या थरातून झाडाचं अन्न खाली मुळांकडे जातं. जुन्या बाभळीची साल जाड, भेगाळलेली. ती चार दणके सोसेल. पण पातळ सालीच्या रोपट्यावर रोज त्याच जागी आपटलं तर ते खुरटेल. तेव्हा फेकायच्या जागेसमोर पहिल्या दहा पावलांत कोवळं झाड नको. वेग तिथेच सर्वांत जास्त असतो. टोपलं वेगळ्या बांबूवर बांधलंत हे छान केलंत, पण महिन्या-महिन्याला त्याची जागाही बदला.

कुठे खेळायचं नाही, तेही सांगतो. आर्वी-कारंजाकडच्या वाचकांनी फळं धरलेल्या संत्र्याच्या बागेत नाही. उभ्या कपाशीत नाही. आणि तुम्ही सेलूकर, तुमच्या तालुक्याला लागूनच बोरचं जंगल आहे. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. तबकडी त्या बाजूला गेली तर तिच्यामागे जायचं नाही, मग ती वर्गणीची असो की आणखी कुणाची. पाचोळ्यात किंवा गवतात पडली तर आधी काठीने चाळवा, मग उचला. घोणस पाचोळ्याच्या रंगाची असते आणि ती आपणहून बाजूला होत नाही.

फुटलेले तुकडे जाळू नका, धूर वाईट. त्यातला मोठा तुकडा फेकायच्या जागेची खूण म्हणून जमिनीत पुरा, धार खाली आणि कड मातीबरोबर. आणि नवी कोणती घेतलीत ते नक्की कळवा. रंगसुद्धा लिहा.