गव्यांचा चाहता आणि बेंगळुरूचा धसका

एफसी गोवा आणि बेंगळुरू एफसी यांची लढत आली की सीमाभागातल्या घरांत दोन पक्ष पडतात. राज्य कर्नाटक म्हणून कोणी बेंगळुरूचा. तर चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून कोणी गोव्याचा. आमच्या घरी मी केशरी जर्सीवाला, सौ. आणि तिचा धारवाडचा भाऊ निळ्यांचे. गोव्याच्या संघाला ‘गवे’ म्हणतात, आणि गवा तर आपल्या खानापूरच्या रानातलाच! तरीही मंडळी, पुढची गाठ पडण्याआधी आज लिहायचे आहे ते प्रतिस्पर्ध्याविषयी. समोरच्याचे गुण ज्याने मार खाल्ला त्यालाच नीट ठाऊक असतात.

मार काही थोडा नाही. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूने पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकली, तीही फातोर्ड्याच्या मैदानावर, गोव्याच्याच धेंपो संघाला ४-२ ने हरवून. एफसी गोवा तेव्हा जन्मायचा होता.

पुढे १७ मार्च २०१९ ला मुंबईत आयएसएलचा अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटे गोलशून्य. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहू दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेने हेडर मारून करंडक नेला. भेके मुंबईचा, आपला मराठी गडी! आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, कळेना.

६ एप्रिल २०२५ ची उपांत्य फेरी तर ताजीच आहे. पहिल्या सामन्यातली ०-२ ची पिछाडी गोव्याने फातोर्ड्यात भरून काढली. ८८ व्या मिनिटाला सादिकूचा गोल झाला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. मेहुणा शांतपणे म्हणाला, “भावजी, इन्नू मुगिदिल्ल री.” भरपाई वेळेत चाळिशीतल्या सुनील छेत्रीने डोके लावले आणि एकूण ३-२ ने बेंगळुरू पुढे गेले.

दोन्ही वेळा हेडर, दोन्ही वेळा शेवटची मिनिटे. पुढच्या लढतीत पाहायचे ते हेच. चेंडू पायाशी राखून लहान लहान पास देत जाणे ही गोव्याची जुनी रीत. ती डोळ्यांना सुखावते. पण बेंगळुरूविरुद्ध ऐंशी मिनिटांनंतर बाजूने येणारा चेंडू आणि कॉर्नर सांभाळता आले नाहीत, तर आधीचा खेळ पाण्यात.

हे जमत नाही असेही नाही. २०२१ च्या ड्युरँड कपच्या उपांत्य फेरीत २-२ बरोबरीनंतर गव्यांनी बेंगळुरूला पेनल्टीवर ७-६ असे हरवले आणि पुढे कपही जिंकला.

आपल्या भागात बाजू घेणे ही साधी गोष्ट नसते. पाटीवरच्या अक्षरांवरून शेजारी शेजाऱ्याशी अबोला धरताना आपण पाहिला आहे. फुटबॉलमध्ये मात्र एकाच सोफ्यावर बसून दोन बाजू घेता येतात आणि शिट्टी झाल्यावर एकाच ताटलीतले कुंदे संपवता येतात. मुलांना एवढे शिकवले तरी पुष्कळ.

माझे भाकीत: गोवा २, बेंगळुरू १. मात्र पंचांची शेवटची शिट्टी ऐकू येईपर्यंत केशरीवाल्यांनी फटाक्यांना हात लावू नये.