तारांतली काटकसर

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करू निघालेला गृहस्थ रंगासाठी, क्रोमच्या मुलाम्यासाठी आणि बैठकांच्या चामड्यासाठी हात सैल सोडतो. पण बॉनेटपासून डिकीपर्यंत गेलेले वायरिंग बदलण्याचा प्रसंग आला की त्याला काटकसर आठवते, आणि कोपऱ्यावरच्या वायरमनने हाती लागतील त्या रंगांच्या तारांवर काळी टेप गुंडाळून केलेली तजवीज तो समाधानाने मान्य करतो. ही काटकसर मला घातक वाटते.

मॉरिस मायनर घ्या. १९४८ साली बाजारात आलेल्या या इंग्रजी मोटारीचे वायरिंग लुकास पद्धतीचे, आणि त्या पद्धतीत प्रत्येक रंगाला अधिकार नेमून दिलेला : तपकिरी तार बॅटरीतून थेट येणारी, पांढरी किल्ली फिरविल्यावर जागी होणारी, हिरवी तोच प्रवाह फ्यूजमधून पुढे नेणारी, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची, काळी अर्थची. हे रंग म्हणजे मोटारीचे दफ्तर. उद्या घाटात दिवे विझले, तर ज्याने ही गाडी जन्मात पाहिलेली नाही असा कारागीरही ते वाचून दोषाच्या मुळाशी पोहोचू शकतो. म्हणून नवे हार्नेस घेताना रंगांची बरहुकूम रुजुवात झालीच पाहिजे.

परंतु मूळ ते सर्वच पवित्र, असे मानणाऱ्या शौकिनांच्या पंक्तीला मी बसणार नाही. सुती वेष्टणाखालचे रबर वयोमानाने कडक होऊन तडकते, उघडे तांबे पत्र्याला टेकते, आणि साऱ्या गाडीत अवघे दोन फ्यूज, त्यातही मोठे दिवे फ्यूजविनाच, अशी मूळची व्यवस्था असल्याने पुढचा प्रकार जळक्या वासाने कळतो. वरून सुती विणकाम हवे तर असावे, शोभा आहे. आत मात्र पीव्हीसी असावे आणि दिव्यांना स्वतंत्र फ्यूज असावा. साठ वॅटचे दोन हॅलोजन दिवे बारा व्होल्टवर मिळून दहा अँपिअर ओढतात, ०.३० मिलिमीटरच्या चौदा तंतूंच्या तारेची मर्यादा पावणेनऊ, अठ्ठावीस तंतूंच्या तारेची साडेसतरा. तेव्हा दिव्यांच्या मुख्य तारेसाठी कोणती मागावी, हे सांगायला अभियंता नको.

गाडीचे सालही आधी निश्चित करावे, कारण १९६१ मध्ये दारामागून बाहेर येणारे दिशादर्शक हात जाऊन लुकलुकणारे दिवे आले आणि त्यांबरोबर तारांची मांडणीही बदलली. डायनामो ठेवायचा की अल्टरनेटर बसवायचा, हा निर्णयही मागणी नोंदविण्यापूर्वीचाच; नंतर फाटे जोडीत बसलो, तर नव्या हार्नेसची वायरमनच्या गाठोड्याहून निराळी किंमत ती काय राहिली? जुने वायरिंग मात्र नवे बसेपर्यंत भंगारात देऊ नये. दोन्ही जमिनीवर शेजारी अंथरून फाट्याला फाटा लावून पाहावा. आणि जो विक्रेता तारेतील तंतूंची संख्या विचारताच 'साहेब, माल एक नंबर आहे' एवढेच उत्तर देतो, त्याला विसार देऊ नये.