गोठलेला धबधबा व गुरूचा कान

पौषांतील पहाटे नागझिऱ्याच्या अरण्यांत बोटें बधिर होतात. पण तेथील तळें कांहीं गोठत नाहीं. त्याच तळ्याकाठीं आमच्या पुतणीनें स्पितींत जाऊन गोठलेले धबधबे चढावयास शिकण्याचा मनोदय सांगितला, आणि वहिनींच्या पोटांत गोळा आला.

वाचकहो, हें साहस अविचाराचेंच असतें असें नाहीं. पर्वतारोहण शिकविणारी संस्था दार्जिलिंगला १९५४ सालीं व उत्तरकाशीस १९६५ सालीं निघाली. २०१२ सालीं पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या चमूनें एव्हरेस्ट गांठलें. हिमभिंत चढतांना दोन्ही हातांत कुऱ्हाडी, बुटांना पोलादी दाते व कमरेस दोर असतो. परंतु खरी विद्या निराळीच. धबधबा बाहेरून गोठतो, आंत पुष्कळदां पाणी वाहतच असतें. घाव घालतांच पोकळ नाद आला, कीं जाणता गुरु शिष्यास माघारीं फिरवितो. ऊन तापण्यापूर्वींच खालीं उतरवितो.

इतक्यांत झाडींतून चितळाची इशाऱ्याची हांक आली. आमच्या वाटाड्यानें हात वर करून सर्वांस जागच्या जागीं थांबविलें. वहिनी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग मुलीस म्हणाल्या, “जा, पण असा कान असलेला गुरु आधीं शोध.”