बंदुकीबरोबर कानही जपावेत
शिरूर व दौंड तालुक्यांत घोड-भीमेकाठच्या उसात रानडुकरांस आयता आसरा मिळतो. पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी नळी साफ व काडतुसे कोरडी ठेवतात. कानांकडे मात्र कोणी पाहत नाही. बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एका बारानेही ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. कापसाचा बोळा ही निव्वळ मनाची समजूत होय. फोमची बुचे नीट बसवावीत किंवा कान पूर्ण झाकणारी साधने वापरावीत. शेजारी बॅटरी धरणाऱ्या पोरासही ती द्यावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून डुक्कर मारणे हा गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांनी आधी सांगावे. आणि बिबट्याचा वावर असलेल्या फडात रात्री कान बंद करून शिरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. तेथे वनखात्यासच बोलवावे.