पिशवीवर धावणारा कुत्रा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही पेट शॉपमध्ये शिरा. वरच्या फळीवर एक जाडजूड, महागडी पिशवी असते. तिच्यावर जर्मन शेफर्ड किंवा बेल्जियन मॅलिनॉ कशावरून तरी झेपावत असतो. खाली ठळक अक्षरात 'ॲक्टिव्ह', 'परफॉर्मन्स', नाहीतर 'वर्किंग डॉग' असं काहीतरी. आणि ती पिशवी खांद्यावर टाकून रिक्षात बसणाऱ्या माणसाच्या घरी एक लॅब्राडॉर असतो. तो सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं सोसायटीच्या कंपाउंडला फेरी मारतो आणि उरलेले साडेतेवीस तास थंड फरशीवर पोट टेकून पडलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'ॲक्टिव्ह' हा शब्द कुत्र्यासाठी छापलेला नसतो. तो मालकासाठी छापलेला असतो. वर्षाची जिम मेंबरशिप भरून दोनदा जाणारे आपण लोक. कुत्र्याच्या बाबतीतही तेच करतो, फक्त इथे न झालेल्या व्यायामाचं जेवण रोज दोन वेळा खरोखर वाढलं जातं.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे दिवसाला शंभर माणसं येणाऱ्या साइटसाठी कुणी अजस्र सर्व्हर घेतला तर त्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारतात, लोड किती आहे ते मोजलंस का? कुत्र्याचा लोड मात्र कुणी मोजत नाही. तो मोजता येतो, आणि फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर येतो. कुत्र्याचं वजन किलोत घ्या, त्याचा घन करा, दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला, श्वास घ्यायला, हृदय चालवायला दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरी मिळाल्या. तीस किलोच्या लॅब्राडॉरसाठी हा आकडा येतो सुमारे ९००. फ्लॅटमधल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला साधारण दीडने गुणतात, म्हणजे १,३५०. नसबंदी झालेला आणि सुस्त असेल तर त्याहूनही कमी.

आता दुसऱ्या टोकाला जा. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत स्लेज ओढणारी कुत्री दीडेक हजार किलोमीटर बर्फातून धावतात. ती जेमतेम पंचवीस किलोची असतात आणि शर्यतीत त्यांची दिवसाची गरज दहा हजार किलोकॅलरींच्या घरात जाते. भरपूर चरबी आणि भरपूर प्रथिनं असलेल्या खाद्यामागचं बरंचसं विज्ञान अशा कुत्र्यांच्या अभ्यासातून आलं आहे. लांब पल्ल्याच्या कामात कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात चरबी जाळतं, म्हणून त्यांना चरबी लागते. प्रथिनं कमी पडली तर दुखापती वाढतात, हेही स्लेजच्या कुत्र्यांवरच दिसलं. विज्ञान खरं आहे. फक्त ते लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये बर्फ पडल्याशिवाय लागू होत नाही.

पिशवी उलटी करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात चार आकडे असतात: प्रथिनं किमान इतके टक्के, चरबी किमान इतकी, तंतू कमाल इतके, ओलावा कमाल इतका. कर्बोदकांचा आकडा बहुतेक वेळा नसतो. तो आपण काढायचा. राखेसाठी आठेक टक्के धरा, सगळं शंभरातून वजा करा, उरलं ते मका, तांदूळ, गहू. मग प्रथिनं आणि कर्बोदकं ३.५ ने गुणा, चरबी ८.५ ने गुणा, बेरीज करा. शंभर ग्रॅमच्या किलोकॅलरी. चोवीस टक्के प्रथिनं आणि दहा टक्के चरबीवाली साधी पिशवी किलोला ३,२०० च्या आसपास येते. तीस-वीसवाली 'परफॉर्मन्स' पिशवी ३,८०० च्या.

दोन्हींसाठी घरात वाटी एकच असते, आणि खरी गोम तिथे आहे. आधीच्या खाद्याचे ४२० ग्रॅम वाढत होतात, तेवढेच नव्याचे वाढता, आणि रोज अडीचशे किलोकॅलरी जास्त जातात. कागदावरच्या हिशेबाने महिन्याला जवळपास एक किलो चरबी. प्रत्यक्षात पुढे वेग मंदावतो, पण दिशा तीच. त्यात लॅब्राडॉर हा जन्माने भुकेला. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि अशी कुत्री जास्त खादाड आणि जाड असतात. 'बघ ना, कसा बघतोय, भूक लागलीय त्याला.' नाही हो आजी, त्याला भूक लागलेली नाही, त्याला जनुक लागलंय.

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरना पिल्लं असल्यापासून मरेपर्यंत दोन गटांत वाढवलं. एका गटाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, भरपेट खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठते. हा अभ्यास एका खाद्य कंपनीनेच केला होता, हे विशेष. जवळजवळ दोन वर्षं. ज्याच्या वाढदिवसाला आपण केक कापतो, रील टाकतो, त्याची दोन वर्षं.

मग खरी कामकरी कुत्री कुठे आहेत? रोज दिसतात की. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे धावताना, अंधेरीच्या पुलावर, बोरिवलीला लांब पल्ल्याच्या गाडीजवळ, सहारला विमानतळाच्या दाराशी. पट्टा हातात धरलेला एक जवान आणि बॅगांमधून नाक फिरवत जाणारा कुत्रा. आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. या शहरावर त्यांचं देणं आहे. १९९३ च्या स्फोटांच्या वेळचा झंजीर हा लॅब्राडॉर; ३,३२९ किलो आरडीएक्स त्याच्या नाकाने सापडल्याची नोंद सांगितली जाते. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडाच्या कॅन्सरने गेला, वय आठ. २६/११ ला राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. त्यांच्या बातम्यांवर आपण रडणाऱ्या इमोजी टाकल्या. ते काय खात होते, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

विचारायला हवं, कारण स्टेशनवरच्या कुत्र्याचं काम स्लेजच्या कुत्र्यासारखं नसतं आणि सोफ्यावरच्या कुत्र्यासारखंही नसतं. तो फार धावत नाही. तो हुंगतो. थोडा वेळ काम, मग विश्रांती, मग पुन्हा काम. किलोकॅलरी पडून राहण्याच्या साधारण दुप्पट लागतील, दहापट नाही. त्याचा खरा शत्रू अंतर नाही, मे महिना आहे. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळत नाही, धापा टाकून गार होतो. मुंबईच्या दमट हवेत ते गार होणंही नीट होत नाही. आणि तोंडाने धापा टाकणारा कुत्रा नाकाने नीट हुंगू शकत नाही. म्हणजे अशा कुत्र्याच्या खाण्याचा प्रश्न 'ताकद किती' एवढाच नाही, 'अंग किती तापतं' हाही आहे. पचनातून तयार होणारी उष्णता प्रथिनांपेक्षा चरबीत कमी असते. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात वास काढणाऱ्या कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगात मक्याचं तेल मिसळून चरबी वाढवलेलं आणि प्रथिनांचा वाटा उतरवलेलं खाणं दिलं, तेव्हा व्यायामानंतर त्यांची वास ओळखण्याची कामगिरी सुधारली होती. प्रथिनांचा मोठा आकडा म्हणजे भारी खाद्य, हे समीकरण इथे कोलमडतं.

वेळही महत्त्वाची. ड्युटीच्या तोंडावर पोटभर वाढायचं नाही; मुख्य जेवण काम संपून कुत्रा शांत झाल्यावर. शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि तो काही तासांत जीव घेतो. ड्राय फूडमध्ये पाणी असतं जेमतेम दहा टक्के, त्यामुळे उन्हाळ्यात ते भिजवून देणं ही चैन नाही.

या कुत्र्यांचं खाद्य सरकारी पैशातून येतं, आणि सरकारी खरेदीचा सर्वसाधारण रिवाज सगळ्यांना माहीत आहे: अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याला ऑर्डर. दर कशाला, हा प्रश्न आहे. समजा वरची ३,२०० किलोकॅलरीवाली पिशवी ३०० रुपये किलो आहे आणि ३,८०० वाली ३४० रुपये. किलोने मोजलं तर पहिली स्वस्त. हजार किलोकॅलरींच्या दराने मोजलं तर पहिली ९४ रुपयांना पडते, दुसरी ९० च्या आत. शिवाय पहिलीचं जास्त खावं लागणार, जास्त शी होणार आणि भरल्या पोटाने कुत्रा कामाला जाणार. निविदेत दर किलोला मागायचा की हजार किलोकॅलरीला, हा एका ओळीचा बदल आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कुत्र्याच्या पुतळ्याची मागणी करणाऱ्यांनी आधी तो टाकावा.

इथे कुणीतरी म्हणणारच, आमच्या गावाकडे कुत्री भाकरीवर जगायची, हे नखरे कशाला. अर्धं खरं आहे. धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा कळपामागे मैलोन् मैल चालतो, रात्री लांडग्यावर भुंकतो आणि भाकरी खातो. कुत्र्याला धान्य पचतं. स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे 'ग्रेन-फ्री' पिशवीला दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनी त्या वाड्यावर एकदा जाऊन यावं. पण तो कुत्रा नुसत्या भाकरीवर जगत नाही. व्यालेल्या मेंढीची वार, मेलेलं कोकरू, मिळालाच तर ससा, हे त्याच्या पिशवीच्या मागे छापलेलं नसतं. चौथ्या मजल्यावर दूध-पोळी कुस्करून देणं म्हणजे परंपरा नाही, अर्धवट कॉपी-पेस्ट आहे.

आपल्याकडे ड्राय फूड इतकं का चाललं, याचं एक कारण मला फार गमतीशीर वाटतं. मुलुंड-घाटकोपरच्या ज्या सोसायट्यांत शेजारी कोंबडी शिजली तर लिफ्टमध्ये कुजबुज होते, तिथे कोंबडीच्या भुकटीने भरलेल्या वीस-वीस किलोच्या पिशव्या त्याच लिफ्टमधून वर जातात. वास येत नाही ना, मग चालतं. सोयीचं आहे, मान्य. त्या भुकटीला नाक मुरडायचंही कारण नाही. ओल्या मांसात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे घटकांच्या यादीत 'ताजं चिकन' पहिलं असलं तरी पाणी वजा केल्यावर ते खाली घसरतं.

सगळ्यात वाईट सौदा मात्र पिशवीचा नाहीच. तो पिशवी फोडून किलोवर विकल्या जाणाऱ्या सुट्या खाद्याचा. पारदर्शक प्लास्टिकमध्ये बांधलेलं, ना तारीख, ना आकडे, ना कंपनी. जुलैच्या दमट हवेत त्यातली चरबी खवट होते, मक्याला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत खलास करू शकतं. चरबी जितकी जास्त तितकं ते लवकर खवटतं, म्हणजे 'परफॉर्मन्स'वाल्याचीच गत आधी. शंभर-दीडशे रुपये वाचवायला हे घेणारे लोक कुत्र्याच्या गळ्यात हजाराचा हार्नेस घालतात.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर पिशवीवरच्या कुत्र्याकडे बघू नका, स्वतःच्या कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवून मग जा. बोटांना सहज लागल्या तर आहे ते चालू द्या. दाबून शोधाव्या लागल्या तर वाटी बाजूला ठेवा आणि वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला, तीन-चारशे रुपयांत येतो. खाद्य बदलायचं असेल तर आठवडा-दहा दिवस घेऊन, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला. आणि दुकानदाराने विचारलं, 'डॉग ॲक्टिव्ह है क्या?', तर रोज किती मिनिटं चालतो तेवढंच सांगा.