मोजमापाची मुदत

सन 2020च्या जुलै महिन्यापूर्वी यूट्यूबचा असा दंडक होता की, ज्या व्हिडिओची लांबी निदान दहा मिनिटांची असेल त्याच्याच मधोमध जाहिरात घालण्याची मुभा निर्मात्यास मिळावी. आणि या दंडकाचा प्रताप असा की, शेवयांच्या खिरीपासून शिवकालीन किल्ल्यांच्या इतिहासापर्यंत वाटेल तो विषय दहा मिनिटे आणि वर काही सेकंद एवढ्याच अवधीत आटोपताना दिसू लागला. पुढे जुलैमध्ये ही मर्यादा आठ मिनिटांवर आली, तेव्हा अनेक विषयांनी आपापली दोन मिनिटे निमूटपणे परत केली. खीर तीच होती आणि किल्लेही तेच होते. कृतीची लांबी विषयाच्या गरजेने ठरत नसून महसुलाच्या नियमाने ठरते, ही गोष्ट इतक्या उघडपणे सिद्ध होऊनही तिचे कोणाला विशेष आश्चर्य वाटले नाही, याचेच मला आश्चर्य वाटते.

मोजणीविरुद्ध सरसकट गाऱ्हाणे मांडण्याचा माझा उद्देश नाही. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून मराठी संगीत नाटक मंडळ्या तिकिटांच्या गल्ल्यावर जगल्या आणि गल्ला आटताच मोडल्या. ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांपुढे मान तुकवून एकच पद पुनःपुन्हा गाणाऱ्या नटांनी प्रेक्षकांचा अनुनय केला असे म्हणावे, तर मराठी रंगभूमीचे निम्मे वैभव त्या अनुनयातूनच उभे राहिले हेही कबूल करावे लागते. प्रेक्षकांस तुच्छ लेखणाऱ्या कलावंताचे सोवळे मला कधीच मानवलेले नाही. प्रश्न मोजावे की न मोजावे हा नाहीच. किती वेळाने मोजावे आणि कृतीच्या किती आत शिरून मोजावे, हा आहे.

आमच्या वृत्तपत्रव्यवसायाचेच उदाहरण घ्या. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था 1948 साली भारतात स्थापन झाली आणि वृत्तपत्रांचा खप सहामाहीच्या हिशेबाने प्रमाणित होऊ लागला. खपाची चिंता संपादकाला तेव्हाही होतीच. परंतु दोन प्रमाणपत्रांच्या मधल्या काळात, कोणत्या अग्रलेखाच्या कितव्या परिच्छेदाशी वाचकाने अंक मिटला हे सांगणारे यंत्र त्याच्या टेबलावर नव्हते, आणि त्या अज्ञानाच्या आश्रयाने पुष्कळ चांगले, काही कंटाळवाणे आणि थोडे अविस्मरणीय लिखाण छापले गेले. व्हिडिओ करणाऱ्या आजच्या तरुणाला तो आश्रय उरलेला नाही. नवा व्हिडिओ टाकून काही तास लोटले नाहीत तोच, मागील दहा व्हिडिओंत त्याचा क्रमांक कितवा लागला हे त्याच्या मोबाईलवर उमटते. आणि त्याच दफ्तरात पुढे रिटेन्शनचा आलेख असतो, ज्यात पाहणारे कोणत्या क्षणी कंटाळले, कोणत्या क्षणी त्यांनी पुढे सरकवले, कोणत्या क्षणी ते निघून गेले, याची क्षणाक्षणाची नोंद असते. गल्ला मोजणारा कारकून दाराशी बसत असे. हा कारकून रंगमंचावर येऊन बसला आहे आणि नटाच्या प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या कानात आकडा सांगतो आहे.

या आलेखाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही समजून घेण्यासाठी तो एखाद्या नारदीय कीर्तनकाराच्या हाती दिला आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. कीर्तनाचा पूर्वरंग म्हणजे मूळ अभंगाचे तात्त्विक निरूपण. त्यात आया मुलांना थोपटतात, म्हातारे खांबाला टेकतात, एखादा सरळ पेंगतो. मग नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, कपाळी बुक्का लागतो, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झाले की पेंगणारेही सावरून बसतात. आलेखाची रेषा पूर्वरंगात घसरेल आणि आख्यानात स्थिरावेल, यात शंका नाही. आणि तीवरून निघणारा बोध इतकाच की, पूर्वरंग गाळावा आणि आख्यानातील परमोच्च प्रसंग पहिल्या दहा सेकंदांत दाखवावा. व्हिडिओच्या धंद्यात याला ‘हूक’ म्हणतात, आणि हूक नसलेला व्हिडिओ आज नवशिका पोरगादेखील टाकत नाही. परंतु आख्यान संपवून बुवा जेव्हा पुन्हा मूळ पदावर येतात आणि तासाभरापूर्वी शुष्क वाटलेला तोच चरण श्रोत्याच्या अंगावर काटा उभा करतो, तेव्हा त्या काट्याची पेरणी पेंगत ऐकलेल्या पूर्वरंगात झालेली असते, हे आलेखाला दिसण्याचा संभव नाही. कोण कुठे उठून गेला हे तो बिनचूक सांगतो. जो बसून राहिला त्याच्या मनात काय घडले, याविषयी तो मुका आहे.

याच आलेखाने काही पीडा टाळल्या, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. ‘नमस्कार मंडळी’पासून बेलचे बटण दाबण्याच्या विनवणीपर्यंत चालणाऱ्या लांबलचक प्रास्ताविकांना त्याने पुष्कळ कात्री लावली, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानावेत.

ज्या मापाला आपण इतके शरण जातो ते तरी स्थिर असावे. पण तसेही नाही. 2012 साली यूट्यूबने शिफारशी करताना व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला अधिक वजन देण्याचे ठरवले. जानेवारी 2018 मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण अशी अट घातली गेली. जून 2020च्या अखेरीस सरकारने टिकटॉकवर बंदी घातल्यावर सप्टेंबरात ‘शॉर्ट्स’ प्रथम भारतातच आले, आणि जो निर्माता दीर्घ कथनाचा अभ्यास करीत बसला होता त्याला मिनिटभराच्या उभ्या चौकटीत मावण्याचा नवा हुकूम मिळाला. मार्च 2025च्या अखेरीपासून तर शॉर्ट नुसता सुरू झाला की एक व्ह्यू धरला जातो, मग पाहणाऱ्याचे बोट त्याच क्षणी पुढे सरकलेले का असेना. या फेरफारांविरुद्ध अर्ज कोठे करावा, हे कोणालाच ठाऊक नसते. ‘रीच पडला’ एवढेच निर्माते एकमेकांना सांगतात आणि पाऊस पडला नाही म्हणावे तसे सांगतात.

मोजमापाच्या मुदतीविषयी परक्या इंग्रज सरकारलासुद्धा एक गोष्ट उमगली होती. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी रूढ केलेल्या जमाबंदीत जमिनीचा सारा एकदा ठरला की तो तीस वर्षे बदलत नसे. मुदतीत रयतेने विहीर पाडली, बांधबंदिस्ती केली, तरी त्या सुधारणेपायी सारा वाढायचा नाही, जेणेकरून जमिनीत कष्ट ओतण्याचे धैर्य तिला व्हावे. ती राजवट सुखाची होती असे मुळीच नव्हे. फेरजमाबंदीचा जाच हे 1875 मधील दख्खनच्या दंग्यांचे एक कारण होते, हे विसरता येत नाही. पण मोजणीची मुदत जितकी आखूड तितकी सुधारणेची इच्छा खुंटते, हा त्या व्यवस्थेमागचा विचार आजच्या निर्मात्यालाही शब्दशः लागू पडतो. ज्याची मोजणी दर तासाला होते तो विहीर खणायला घेत नाही. पुढच्या पंधरवड्यात हाती येईल असेच पीक तो घेतो.

मराठी निर्मात्याच्या बाबतीत हा मोह आणखी एका दिशेने ओढतो. 2011च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सुमारे 8 कोटी 30 लाख आणि हिंदी मातृभाषा असणारे सुमारे 52 कोटी 80 लाख. म्हणजे तेवढेच श्रम, तेवढाच कॅमेरा, तेवढेच रात्रीचे एडिटिंग आणि गिऱ्हाईक मात्र सहापटींहून अधिक. निव्वळ आकड्याचा सल्ला घेतला तर मराठीत व्हिडिओ करू नये, असेच उत्तर मिळेल. तरीही 2016 साली सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनेलने शहरी मराठी घरांतील आई आणि मुलांच्या कुरबुरी त्याच घरांच्या बोलीत मांडल्या, ‘कोरी पाटी’ने ‘गावाकडच्या गोष्टी’ सातारा जिल्ह्यातील एका खेड्याच्या पारावर बसवल्या, आणि ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ बारामतीकडच्या गावरान बोलीत घडल्या. या साऱ्यांना पुढे मोठा प्रेक्षक लाभला हे खरे. परंतु आरंभी असा प्रेक्षक आहे हे सांगणारा कोणताही आकडा अस्तित्वात असणे शक्य नव्हते, कारण मोजता येते ते घडून गेलेले. जे अद्याप कोणी केलेले नाही त्याचा आलेख निघत नाही.

यावर निर्माते जे उत्तर देतात ते मला अमान्य करता येत नाही. कॅमेऱ्याचे हप्ते असतात, एडिट करणाऱ्या पोराचा पगार असतो. दीर्घ व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील 55 टक्के वाटा निर्मात्याला मिळतो हे ऐकायला भरघोस वाटले, तरी तो कशाचा 55 टक्के हे आकड्यावरच ठरते. म्हणून ‘आकड्यांकडे पाहूच नका’ असा उपदेश, ज्याचा पगार दरमहा खात्यात जमा होतो अशा माणसाने करणे मला असभ्यपणाचे वाटते. सुचवायचे ते एवढेच की, मुदत निर्मात्याने स्वतः ठरवावी. व्हिडिओ टाकल्यावर महिनाभर त्याचा आलेख उघडू नये. आणि वर्षातील काही थोड्या कृती आधीच हिशेबाबाहेर काढून ठेवाव्यात, ज्यांविषयी आकड्याऐवजी चार जाणत्या माणसांना विचारावे. 1974च्या सुमारास दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू झाली तेव्हा तेथे मावणारा प्रेक्षक आजच्या हिशेबाने दखलपात्रही ठरला नसता. पण तो पुनःपुन्हा येणारा, प्रयोगानंतर जिन्यावर गाठून वाद घालणारा प्रेक्षक होता, आणि त्याच्या जोरावर मराठी नाटकाने आपली भाषा बदलली.

उरलेला भार मात्र पाहणाऱ्यांनी आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी उचलावा. एखाद्या ट्रेलरला चोवीस तासांत किती लाख व्ह्यूज मिळाले याची बातमी आम्ही तीन रकाने रुंद छापतो आणि तो कसा आहे हे लिहायला माणूस पाठवीत नाही. तो शिरस्ता आमच्या दफ्तरातूनच बंद व्हावा. आणि मराठी प्रेक्षकाला आगाऊ पैसे मोजण्याची सवय नाही, ही तक्रार मला पटत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी घरे केवळ संपादकाच्या नावावर भरवसा ठेवून, आत काय आहे ते न पाहता, दरवर्षी अंकांची नोंदणी करीत आली आहेत आणि त्यातील दोन लेख नावडले म्हणून कोणी पैसे परत मागितलेले नाहीत. चॅनेलची मेंबरशिप घेण्याची सोय यूट्यूबवर आज उपलब्ध आहे. ज्या घरात दिवाळीला पाच अंक येतात त्या घराने त्याच यादीत, त्याच खर्चाच्या सदरात, आपल्या आवडत्या मराठी चॅनेलची वर्षभराची वर्गणी लिहावी. म्हणजे त्या निर्मात्याला पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत मिळेल.